बहुवारिक विज्ञान : पदवी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन

पदवीच्या रसायनशास्त्रात बहुवारिकांचे, म्हणजेच पॉलिमरचे, प्रकरण बहुधा सत्राच्या शेवटी येते आणि घाईने संपते. प्रयोगशाळेत फार तर फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिन किंवा नायलॉनचा धागा करून दाखवला जातो. प्लास्टिक, रबर, रंग, कृत्रिम धागे, शस्त्रक्रियेतील टाके हे सारे ज्या विज्ञानावर उभे आहे, त्याची खरी ओळख म्हणूनच अनेकांना महाविद्यालयाबाहेर, उन्हाळ्याच्या सुटीतील दोन महिन्यांत, एखाद्या संशोधन संस्थेत होते. ही संधी मिळण्यात गुणांइतकाच वाटा वेळेवर मिळालेल्या माहितीचा असतो, आणि लहान गावांतील महाविद्यालये नेमकी तेथेच मागे पडतात.

देशातील सर्वांत परिचित मार्ग म्हणजे तीन विज्ञान अकादम्यांची संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, नवी दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी यांच्या या योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली काम करता येते. विद्यावेतन आणि रेल्वे भाडेही मिळते. बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रही स्वतंत्रपणे अशी शिष्यवृत्ती देते. अकादम्यांचे अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीस मागवले जातात. परीक्षा उरकल्यावर, एप्रिलमध्ये, चौकशीला लागणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून हे वर्ष निसटलेले असते.

बहुवारिकांवर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (पूर्वीची यूडीसीटी) आणि विविध आयआयटी ही ठळक ठिकाणे होत. वैद्यकीय उपयोगात रस असल्यास तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचा विचार करावा. १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवण्यात आलेल्या तेथील चित्रा हृदयझडपेची हलती चकती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची असते. पिशवीचे आणि हृदयझडपेचे रसायन एकच. फरक साखळीच्या लांबीचा आहे.

ही लांबीच नवशिक्याची पहिली कसोटी ठरते. आज सहज गृहीत धरली जाणारी लांब साखळीची कल्पना हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली, तेव्हा बहुतेक समकालीनांनी ती नाकारली होती. त्यांना नोबेल पारितोषिक मिळण्यास १९५३ साल उजाडले. विद्यार्थ्याच्याही मनाला ही कल्पना पचायला थोडा वेळ लागतो. कार्बनी रसायनात ९५ टक्के उतारा आला की समाधान वाटते. पॉलिएस्टरसारख्या पायरीपायरीने वाढणाऱ्या बहुवारिकात मात्र ९५ टक्के अभिक्रिया पूर्ण झाली, तर साखळीत सरासरी अवघे २० घटक जोडले जातात. ९९ टक्क्यांना १००, तर ९९.५ टक्क्यांना २०० घटक होतात, आणि तेही दोन्ही प्रकारच्या गटांचे प्रमाण काटेकोर समान असेल तरच. वजन करताना झालेली छोटीशी चूक किंवा राहून गेलेला ओलावा संपूर्ण आठवड्यावर पाणी फिरवू शकतो. हे गणित वॉलेस कॅरोथर्स यांच्या नावाच्या समीकरणात पुस्तकात असतेच, पण फ्लास्कमध्ये धाग्याऐवजी चिकट काकवी दिसते तेव्हाच ते कळते.

स्टायरीनसारख्या एकवारिकात अडचणी निराळ्या. साठवणीत ते आपोआप जोडले जाऊ नये म्हणून त्यात घातलेला प्रतिरोधक आधी काढावा लागतो. हवेतील ऑक्सिजन मुक्त मूलकांना खाऊन टाकतो, म्हणून नायट्रोजनचा प्रवाह लागतो. उत्पादन निर्वात भट्टीत नीट वाळवले नाही, तर उरलेला द्रावक काचसंक्रमण तापमान खाली ओढतो. पॉलिस्टायरीनसाठी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास अपेक्षित असलेला आकडा ८० दिसला, तर नवा शोध लागला असे मानण्यापूर्वी नमुना पुन्हा वाळवावा.

रेणुभार मोजणारे जेल क्रोमॅटोग्राफीचे यंत्र एक आकडा देत नाही. लहानमोठ्या साखळ्यांची वाटणी दाखवते. त्यासाठी अनेक गटांची रांग असते. आठ आठवड्यांपैकी पहिला सुरक्षितता व वाचनात आणि शेवटचा अहवालात जातो, हे ध्यानात घेता हाती सहाच उरतात. त्यामुळे नवे बहुवारिक घडवण्याचा ध्यास घेण्यापेक्षा, तयार नमुन्याचा एखादा गुणधर्म एकाच घटकानुसार कसा बदलतो, असा मर्यादित प्रश्न घेणे शहाणपणाचे. तीनदा केलेले साधे मापन एकदाच साधलेल्या अवघड संश्लेषणाहून अधिक मोलाचे असते.

शास्त्रज्ञांना थेट पत्र लिहूनही काम मिळू शकते. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवण्याची प्रथा मात्र निष्फळ आहे. त्या गटाचा एखादा शोधनिबंध वाचून, त्यातील कोणती गोष्ट समजली व कोणती नाही, हे चार ओळींत लिहिलेले पत्र वेगळे दिसते. अशा थेट व्यवस्थेत अनेकदा विद्यावेतन नसते आणि निवासाचा खर्च स्वतःच करावा लागतो. ज्याच्या घरी ती ऐपत नाही, त्याच्यासाठी अकादम्यांचा अर्ज अधिक महत्त्वाचा. त्यास शिक्षकाची शिफारस जोडावी लागते, तेव्हा दिवाळीच्या सुटीपूर्वीच शिक्षकांशी बोलून ठेवावे.

काम संपल्यावर प्रयोगवही संस्थेतच ठेवावी लागते. अपयशी प्रयोगही तारखेसह त्यात नोंदवावेत. पुढच्या उन्हाळ्यात येणारा विद्यार्थी बहुधा तेथूनच सुरुवात करतो.