मुंबईची सहल आणि आपलेच पाणी

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या किन्हवलीच्या शाळेत सहलीचा विषय निघतो. एसटीची सवलतीची बस, पालकांची संमतिपत्रे, डबा घरून आणायचा की वाटेत जेवायचे, यात दोन-तीन मधल्या सुट्ट्या जातात. ठिकाणांवर मात्र फारसे बोलणे होत नाही, कारण यादी वर्षानुवर्षे तीच आहे: गेटवे, म्युझियम, राणीची बाग, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट आणि अंधार पडता पडता चौपाटी. यंदा यादी करायचे काम माझ्याकडे आले आहे आणि मी ती बदलायची म्हणतो.

कारण गेल्या सहलीतले आहे. हँगिंग गार्डनला डबे खाऊन झाले आणि आमच्या सातवीच्या तीन मुली नळाशी उभ्या राहून सगळ्या वर्गाच्या रिकाम्या बाटल्या भरू लागल्या. म्हटले, आता तर परत निघायचे आहे, एवढे पाणी कशाला? एक म्हणाली, "घरी न्यायला, सर. इथं पाणी जातच नाही." तिच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर येतो. सोबतचे शिक्षक हसले, मीही हसलो. बसमध्ये बसल्यावर लक्षात आले की त्या मुलींनी शहापूर तालुक्यातले पाणी मुंबईत भरून पुन्हा शहापूर तालुक्यातच आणले होते. आणि मी, इतिहास शिकवणारा माणूस, त्यांना ते सांगू शकलो नव्हतो.

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी एवढेच मुंबईत आहेत. तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, भातसा ही सगळी आपल्या बाजूची, शहापूर आणि त्याला लागलेल्या डोंगरपट्ट्यातली. सातवे अप्पर वैतरणा घाटावर, नाशिक जिल्ह्यात. शहराच्या पाण्याचा निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा. आगगाडी आपल्या तालुक्यात वाशिंदपर्यंत आली १८५५ मध्ये, आणि तानसाचे पाणी इकडून तिकडे जाऊ लागले १८९२ मध्ये. म्हणजे या व्यवहाराला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली.

त्याआधी मुंबई काय पीत होती? विहिरी आणि तलाव. धोबीतलाव, गोवालिया टँक ही नावे उरली, तलाव बुजले. चोहोबाजूंनी समुद्र, पाऊस चार महिने, आणि माणसे मात्र वाढत चाललेली. १८५० च्या दशकात टंचाई इतकी वाढली की सरकारने गुरेढोरे शहराबाहेर माहीमकडे हलवायला लावली आणि आगगाडीने, गलबतांनी पाणी आणून विहिरींत ओतले. पाण्याची आगगाडी म्हटली की आपल्याला २०१६ ची मिरज-लातूर आठवते. मुंबईने ती त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी पाहिली होती. १८६० मध्ये विहार तलाव झाला. १८६४ च्या मोजणीत शहरात आठ लाखांवर माणसे निघाली, त्यांना विहार कितीसा पुरणार? १८७९ मध्ये तुळशी आला, तोही पुरला नाही, तेव्हा नजर आपल्या तानसा नदीकडे गेली. ज्या १८६४ मध्ये ती मोजणी झाली, त्याच वर्षी किल्ल्याच्या चर्चगेट दरवाज्याच्या जागी फ्लोरा फाउंटन उभे राहिले. शोभेसाठी पाणी उडवण्याइतकी ऐपत शहराला नळ आल्यावरच आली, हे तिथे उभे राहून मुलांना सांगायचे आहे. शेजारीच हुतात्मा स्मारक आहे, ते तर दाखवायचेच.

माझ्या यादीत नळाच्या आधीच्या पाण्याची तीन ठिकाणे आहेत. पहिले क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद. १८०२ मध्ये बांधून पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. तलाव बुजवला नाही. त्यातूनच काळ्या दगडाच्या कमानी उचलल्या आणि त्यांच्यावर मशीद तोलली. पाणी खालच्या झऱ्याचे आहे आणि त्याच हौजावर लोक आजही वजू करतात. पाण्यात मासे फिरतात, पायऱ्या खाली उतरत जातात. बाहेर कापडबाजाराचा गोंगाट आणि आत हे. कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांचा, जहाजांच्या नाखुदांचा या मशिदीच्या उभारणीत मोठा हात होता, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसांचा. आपल्यातले कित्येक मुंबईला जातात ते हाजी अलीला सलाम करून, भेंडीबाजारात खरेदी करून परत येतात. हा हौज पाहिलेले फार थोडे भेटतात.

त्याच भेंडीबाजाराच्या गल्ल्यांत अलीकडेपर्यंत मश्क पाठीवर घेऊन पाणी पोचवणारे भिश्ती दिसत. भिश्ती हा शब्द फारसी बिहिश्तवरून, म्हणजे जन्नतवरून आला. तहानलेल्याला पाणी देणारा जन्नतीच, अशी ती समजूत. १५३९ मध्ये चौसाच्या लढाईत गंगेत बुडणाऱ्या हुमायूनला एका भिश्तीने मश्कीच्या आधाराने वाचवले आणि बादशहाने त्याला थोडा वेळ तख्तावर बसवले, ही गोष्ट मी उर्दूच्या तासाला सांगतो. मुले विचारतात, मग पुढे त्याचे काय झाले? पुढे त्याने पाणीच भरले असणार.

दुसरे ठिकाण चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर, १७२५ ची. समुद्र इतका जवळ असूनही पाणी गोडे. पारशी नसलेल्यांनी ती बाहेरूनच पाहायची. तिसरे वाळकेश्वरचे बाणगंगा, दोन्हींपेक्षा जुने. एकाच शहरात प्रत्येकाचे पाणी वेगळे होते. मग आपल्या डोंगरांतले पाणी आले आणि ते मात्र सगळ्यांच्या नळांतून एकच वाहिले, कोणाला कमी, कोणाला जास्त.

ही यादी घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवले. "सर, मशीद कशाला? उगाच कोणी काही बोलायला नको." यादी दुसऱ्या कोणी केली असती तर त्यांनी हेच विचारले असते का, असे मनात येऊन गेले, पण बोललो नाही. गेल्या वर्षी काही पालकांनी सिद्धिविनायक सुचवले होते, काहींनी हाजी अली, आणि गाडी दोन्हीकडे थांबली होती. मी एवढेच म्हणालो की हे दर्शन नाही, पाणी पाहायचे आहे, आणि पुढच्या दोन ओळीही वाचा. त्यांनी वाचल्या. मशिदीच्या कमिटीला शाळेचे पत्र द्यायचे ठरले. त्यात मुलींबद्दल स्पष्ट विचारायचे आहे. मुलींना हौजापर्यंत येता येणार नसेल तर मुलांनाही नेणार नाही, सगळेच बाहेरून पाहून पुढे जाऊ. पाणी भरायचे काम घरोघर ज्या करतात त्यांनाच दारात उभे करून मुलांना हौज दाखवणे मला जमणार नाही.

हँगिंग गार्डन यादीत राहिले आहे, पण आता शेवटी. त्या हिरवळीच्या खाली मलबार हिलचा जलाशय आहे. बागच त्याच्या छतावर, १८८० च्या सुमारास केलेली. मुले गेली कित्येक वर्षे पाण्याच्या टाकीवर बसून डबे खात होती. पहाटे जाताना भिवंडीच्या आसपास त्या दांडग्या जलवाहिन्या दाखवायच्या आणि संध्याकाळी त्यांचे पाणी कुठे साठते तिथे उभे करायचे. मग काळू आणि शाई या आपल्या नद्यांवर ज्या धरणांचे प्रस्ताव आहेत, ज्यांना गावांचा विरोध आहे, त्याबद्दल घरी चाललेले बोलणे या मुलांना वेगळे ऐकू येईल.

राणीची बाग मात्र वगळावी लागली. पेंग्विनसाठी पाचवीवाले नाराज आहेत आणि त्यांचे मला खरेच वाईट वाटते.

सूचनापत्र सोमवारी झेरॉक्सला जाईल. डबा, टोपी, ओळखपत्र, भरलेली पाण्याची बाटली. खाली "जादा रिकाम्या बाटल्या आणू नयेत" अशी एक ओळ एका शिक्षकांनी सुचवली होती. ती मी घातलेली नाही.