थरांचे आइस्क्रीम पुडिंग घरी करताना: कृती, स्वच्छता आणि कोणी किती खावे

उन्हाळ्याच्या सुट्टीत अलिबाग, नागाव, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन भागातली घरे मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांनी भरलेली असतात. अशा वेळी मुलांना सोबत घेऊन करता येणारा एक सोपा गोड पदार्थ म्हणजे थरांचे आइस्क्रीम पुडिंग. खाली बिस्किटे, वर आइस्क्रीम, आमरस, पुन्हा बिस्किटे आणि सर्वांत वर चिक्कीचा किंवा चॉकलेटचा चुरा. ओव्हन लागत नाही, गॅसही पेटवावा लागत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने नेमकी हीच गोष्ट लक्षात ठेवायला हवी. खीर, बासुंदी, शिरा हे पदार्थ चांगले तापतात, त्यामुळे त्यांतले बहुतेक जंतू मरतात. या पुडिंगमध्ये तापवण्याची पायरीच नाही. हाताला, सुरीला किंवा डब्याला जे लागलेले असेल ते तसेच पोटात जाते. फ्रीझरमध्ये जंतूंची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. आइस्क्रीम वितळले की ते पुन्हा वाढू लागतात. म्हणून या पदार्थाची सुरक्षितता दोन गोष्टींवर टिकून असते: करतानाची स्वच्छता आणि न तुटलेली थंडी.

थोडक्यात

- वितळून मऊ झालेले आइस्क्रीम पुन्हा गोठवून खाऊ नये.
- चार वर्षांखालील मुलांना चिक्कीचे तुकडे, शेंगदाणे, कडक गोळ्या देऊ नयेत.
- मधुमेह असलेल्यांनी अर्धा भाग जेवणासोबत घ्यावा, जास्तीचा म्हणून नाही.
- कच्चे अंडे आणि न तापवलेले दूध किंवा साय वापरू नये.
- खाल्ल्यावर उलट्या-जुलाब झाल्यास आधी ओआरएस सुरू करावे.

साहित्य (१० जणांसाठी)

- मारी बिस्किटे १८
- व्हॅनिला आइस्क्रीम १ लिटर (सीलबंद पॅक)
- हापूसचा रस १ वाटी, साखर न घालता
- शेंगदाण्याची चिक्की १०० ग्रॅम, किंवा तेवढेच साधे चॉकलेट
- झाकण असलेला स्टीलचा चौकोनी डबा, साधारण २० सेंटिमीटरचा

आंब्याचा हंगाम नसेल तर रस वगळावा. ओले खोबरे दमट हवेत लवकर आंबते. खोबरे हवेच असेल तर सुके, बारीक किसलेले घ्यावे.

आइस्क्रीम घेताना वेष्टन पाहावे. डबा एका बाजूला दबलेला, आतले आइस्क्रीम खाली बसलेले किंवा वर बर्फाचे खडे जमलेले असतील, तर ते वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेले असण्याची शक्यता आहे. ते घेऊ नये. वेष्टनावर ‘आइस्क्रीम’ आहे की ‘फ्रोझन डेझर्ट’ हेही वाचावे. भारतातील नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाची चरबी असते. फ्रोझन डेझर्टमध्ये त्या जागी वनस्पती तेल किंवा वनस्पती चरबी वापरलेली असते. साखर दोन्हींत भरपूर असते, त्यामुळे एकाला ‘हलके’ समजून जास्त खाण्यात अर्थ नाही.

बाजारातून घरी आणताना

साधा बर्फ शून्य अंशाला वितळतो, तर आइस्क्रीम त्याच्याही खाली, उणे दोन-तीन अंशांनाच मऊ होऊ लागते. म्हणून नुसत्या बर्फात ठेवलेले आइस्क्रीम थंड राहिले तरी घट्ट राहत नाही. तीन भाग बर्फात एक भाग जाडे मीठ मिसळले की तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. पॉट आइस्क्रीम याच तत्त्वावर गोठते. आइस्क्रीमचा पॅक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून अशा बर्फात ठेवावा. मासळीच्या पेटीतला बर्फ मात्र यासाठी कधीही वापरू नये. पॅक शेवटी घ्यावा आणि थेट घरी यावे.

कृती

१. आदल्या दिवशी फ्रीझर सर्वांत थंड खुणेवर लावावा. फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस असावे. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बऱ्याचदा तेवढा थंड होत नाही. त्यात केलेले पुडिंग दुसऱ्याच दिवशी संपवावे.

२. हात साबणाने धुवावेत. ज्याच्या हाताला पिकलेली जखम, गळू आहे किंवा ज्याला जुलाब होत आहेत त्याने हे काम करू नये. डबा, चमचे, सुरी गरम पाण्याने धुऊन कोरडी करावीत. आंबे सालीसकट धुऊन मगच रस काढावा.

३. चिक्की स्वच्छ पिशवीत घालून लाटण्याने बारीक कुटावी. लहान मुले आणि कवळी लावणारे आजी-आजोबा खाणार असतील तर मिक्सरमधून काढून पूडच करावी.

४. आइस्क्रीम ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात १५ मिनिटे ठेवावे. पसरण्याइतके मऊ व्हावे, पातळ होऊ नये.

५. डब्यात नऊ बिस्किटे लावावीत. त्यावर अर्धे आइस्क्रीम, मग रस, पुन्हा नऊ बिस्किटे, उरलेले आइस्क्रीम आणि वर चिक्कीची पूड. हे काम १० मिनिटांत उरकावे.

६. झाकण लावून रात्रभर, किमान ८ तास गोठवावे.

७. वाढताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून वड्या कापाव्यात आणि डबा लगेच आत ठेवावा. ताटलीत विरघळलेला किंवा उष्टा भाग पुन्हा डब्यात टाकू नये.

किनाऱ्यावरच्या अनेक घरांत त्याच फ्रीझरमध्ये सुरमई, बोंबील, कोळंबीही असते. मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात आणि खालच्या बाजूला ठेवावी, म्हणजे तिचे पाणी पुडिंगवर गळणार नाही. घरात कोणाला कोळंबीची ॲलर्जी असेल तर हे अधिकच महत्त्वाचे.

वीज गेली तर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. एवढे मोठे संकट रोज येत नाही, पण पावसाळ्याच्या तोंडावर काही तास वीज जाणे नेहमीचेच आहे. घरातल्या इन्व्हर्टरवर बहुधा फ्रीज चालत नाही.

वीज गेल्यावर दार उघडू नये. गच्च भरलेला मोठा फ्रीझर बंद राहिला तर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास गोठलेला राहतो. एका दाराच्या फ्रीजमधला छोटा कप्पा याच्या कितीतरी आधी वितळतो. वीज आल्यावर पुडिंग दगडासारखे घट्ट असेल तर खाण्यास हरकत नाही. दह्यासारखे मऊ झाले असेल, कडेला पाणी सुटले असेल, तर टाकून द्यावे. वास आणि चव ठीक लागणे ही सुरक्षिततेची खूण नाही.

आठवडाभर बंद असलेल्या घरासाठी एक सोपी युक्ती: वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवावे आणि त्या बर्फावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वरच असेल तर फ्रीझर वितळलेला नाही. नाणे बर्फाच्या मध्ये किंवा तळाशी गेलेले दिसले, तर आपण नसताना सगळे वितळून पुन्हा गोठले आहे. तसे असल्यास आतले आइस्क्रीम आणि मासळी दोन्ही टाकावीत.

कोणी विशेष काळजी घ्यावी

*लहान मुले.* चार वर्षांखालील मुलांना दाढा पूर्ण आलेल्या नसतात, चघळण्याची सवय नसते. शेंगदाणा, चिक्कीचा तुकडा, कडक गोळी श्वासनलिकेत अडकू शकते. त्यांचा भाग चिक्कीशिवाय वेगळ्या वाटीत लावावा. मोठ्या मुलांनीही बसून खावे, धावता-हसताना नाही. मूल एकदम खोकेनासे झाले, आवाज फुटेना, चेहरा निळा पडू लागला तर वेळ घालवू नये. एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये ५ थापा द्याव्यात. अडकलेले निघाले नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर ५ वेळा आत-वर दाब द्यावा आणि हेच आलटून-पालटून करावे. एक वर्षाखालील बाळाला ५ थापा आणि छातीवर ५ दाब द्यावेत, पोटावर नाही. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ ला फोन करावा. मूल बेशुद्ध झाले तर ते जमिनीवर ठेवून सीपीआर सुरू करावा. तोंडात न दिसणारी वस्तू बोटाने शोधू नये, ती आणखी खोल जाते.

*मधुमेह.* वरच्या प्रमाणात केलेल्या पुडिंगच्या दहाव्या भागात सुमारे २८ ते ३० ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे साधारण दीड पोळीइतकी. साखर आटोक्यात असेल तर अर्धा भाग जेवणासोबत घेऊन त्या वेळी एक पोळी किंवा तेवढा भात कमी करावा. ‘आज गोड खाणार आहे’ म्हणून स्वतःहून गोळी किंवा इन्सुलिन वाढवू नये. साखर अचानक कमी होऊन घाम, थरथर सुटली तर आइस्क्रीम खाऊन उपयोग नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.

*गरोदर स्त्रिया, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण.* लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि गोठल्यावरही जिवंत राहतो. अमेरिकेत एका कंपनीच्या आइस्क्रीममधून त्याची १० जणांना लागण झाल्याचे २०१५ मध्ये उघड झाले आणि त्यांपैकी ३ जण दगावले. त्यांत आधीपासून इतर आजारांसाठी रुग्णालयात असलेले रुग्ण होते. गरोदरपणात हा संसर्ग गर्भापर्यंत पोचू शकतो. या व्यक्तींनी पाश्चराइज्ड दुधाचे, सीलबंद आणि न वितळलेले आइस्क्रीमच खावे.

*ॲलर्जी आणि दूध न पचणे.* शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यासाठी नुसती वरची चिक्की काढून टाकणे पुरेसे नाही, चुरा खाली गेलेला असतो. त्यांच्यासाठी वेगळा डबा, वेगळा चमचा हवा. ओठ-जीभ सुजणे, अंगभर पित्त उठणे आणि धाप लागणे ही तातडीची स्थिती आहे. ताबडतोब रुग्णालय गाठावे. दूध न पचल्याने होणारी पोटफुगी आणि जुलाब हा वेगळा, तुलनेने सौम्य त्रास आहे.

खाल्ल्यावर त्रास झाला तर

एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू झाल्या तर बहुधा जंतूंनी अन्नात आधीच तयार केलेले विष कारणीभूत असते. हा त्रास बहुतेकांना एका दिवसात थांबतो. ताप, पोटात मुरडा आणि जुलाब साधारण सहा तासांनंतर ते पुढच्या दोन-तीन दिवसांत आले तर जंतुसंसर्गाची शक्यता अधिक.

दोन्हींत पहिला उपचार ओआरएस. मोठे पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावे, पाणी कमी-जास्त करू नये. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. उलटी होत असेल तर १० मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्यावे. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्या मुलांना १०० ते २०० मिलिलिटर. अंगावरचे दूध चालू ठेवावे. मुलांना जुलाबात झिंकही देतात, त्याचा डोस डॉक्टरांना विचारावा. जुलाब थांबवणारी गोळी मुलांना देऊ नये आणि घरात उरलेले अँटिबायोटिक कोणालाच देऊ नये.

लगेच डॉक्टरांकडे जा, जर

- शौचातून रक्त पडत असेल
- ६ ते ८ तास लघवी झाली नसेल, डोळे खोल गेले असतील
- मूल सुस्त पडले असेल, पीत नसेल
- काहीच पोटात टिकत नसेल
- ताप १०२ फॅरनहाइटच्या वर असेल
- रुग्ण गरोदर असून ताप आला असेल, किंवा रुग्ण सहा महिन्यांखालचा असेल
- मधुमेह, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील. शरीरातले पाणी कमी झाल्यावर यांतल्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच.

जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा अलिबागचे जिल्हा रुग्णालय येथे जावे. रात्रीची वेळ असेल तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. काय आणि केव्हा खाल्ले, आणखी कोणाला त्रास झाला, हे सांगता आले तर निदान सोपे होते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आइस्क्रीमने सर्दी होते का?* नाही. सर्दी विषाणूंमुळे होते. घसा आधीच दुखत असेल तर थंड खाल्ल्याने काहींना बरे वाटते, काहींना खोकला वाढल्यासारखा वाटतो. त्यानुसार ठरवावे. दम्याच्या रुग्णाला थंड खाऊन खोकला येत असेल तर टाळावे.

*शुगर-फ्री चॉकलेट किंवा आइस्क्रीम मधुमेहींना मोकळेपणाने चालते का?* नाही. त्यात दुधाची साखर आणि चरबी असतेच. शिवाय माल्टिटॉल, सॉर्बिटॉलसारखे गोडवे जास्त झाले तर पोट फुगते आणि जुलाब होतात.

*गुळाची चिक्की साखरेपेक्षा बरी का?* मधुमेहासाठी दोन्ही जवळपास सारखीच.

*पुडिंग किती दिवस ठेवावे?* चांगल्या फ्रीझरमध्ये, वीज न जाता, झाकून ठेवलेले आठवडाभर. डब्यावर केल्याची तारीख लिहावी.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमचे आजार आणि औषधे पाहून आहाराचे प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.