मतभेदांना जागा देणारा नेता : सतीश धवन

३० डिसेंबर १९७१ रोजी विक्रम साराभाई यांचे कोवळम येथे अकस्मात निधन झाले, तेव्हा भारताच्या अंतराळ कार्यक्रमापाशी गुणी माणसांची वाण नव्हती. त्यांची भिन्न मते एका निर्णयापर्यंत आणणारी व्यवस्था मात्र नव्हती.

साराभाईंची रीत उदार होती. अनेक गटांना मोकळीक द्यावी आणि त्यांच्या स्पर्धेतून उत्तम ते वर येऊ द्यावे, असा त्यांचा कल असे. एसएलव्ही-३ या पहिल्या उपग्रह-प्रक्षेपकाच्या चार टप्प्यांचे काम त्यांनी चौघांकडे सोपवले होते : वसंत गोवारीकर, एम. आर. कुरुप, ए. ई. मुथुनायगम आणि ए. पी. जे. अब्दुल कलाम. गोवारीकर बर्मिंगहॅमहून डॉक्टरेट घेऊन आलेले, घन इंधनाचे जाणकार. प्रत्येकाची माणसे वेगळी, दृष्टी वेगळी. हे सारे धागे साराभाईंच्या हाती होते. तो हातच गेला.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक सतीश धवन त्या वेळी अमेरिकेत कॅल्टेकमध्ये होते. इस्रोचे अध्यक्षपद स्वीकारताना त्यांनी दोन अटी घातल्या. संस्थेचे संचालकपद आपल्याकडेच राहावे आणि इस्रोचे मुख्यालय बंगळूरला असावे. दोन्ही मान्य झाल्या व १९७२ मध्ये त्यांनी कार्यभार घेतला. या अटी वरवर वैयक्तिक सोयीच्या वाटतात, आणि काही अंशी त्या तशा असतीलही. परंतु त्यामुळे निर्णयाचे स्थान थुंबा आणि अहमदाबाद या दोन्ही जुन्या केंद्रांपासून दूर आले, हे विसरता येत नाही.

थुंब्याचे विखुरलेले विभाग त्याच वर्षी विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात एकत्र आले. केंद्राचे संचालकपद अणुऊर्जा क्षेत्रातील धातुशास्त्रज्ञ ब्रह्मप्रकाश यांना मिळाले. ते थुंब्यातील कोणत्याच गटाचे नव्हते, हेच त्यांचे बळ ठरले. एसएलव्ही-३ ची धुरा कलामांकडे आली, पण त्यासाठी लागणारे इंधन, नियंत्रण, रचना यांचे ज्ञान निरनिराळ्या विभागांत राहिले. म्हणजे प्रकल्पप्रमुखाला केवळ हुकूम सोडून भागत नसे. वयाने, विद्येने तोलामोलाच्या सहकाऱ्यांना पटवून द्यावे लागे. शिवाय आराखड्यांची परीक्षा अन्य जाणकारांसमोर होई. ही पद्धत वेळखाऊ होती, अनेकांना जाचकही वाटली असेल. पण आक्षेप कुजबुजीत न राहता टेबलावर येऊ लागला.

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला एसएलव्ही-३ समुद्रात कोसळला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील आम्ल गळून गेले होते. पत्रकारांसमोर धवन स्वतः उभे राहिले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली. दोष कोणाचा, हे शोधण्याचे काम मात्र थांबले नाही. दुसऱ्याच दिवशी पुनर्परीक्षणाची बैठक भरली. पुढे कारणांचा अहवाल धवन यांच्यासमोर मांडला गेला, त्या बैठकीत कलामांनी उड्डाण न रोखल्याची चूक उघडपणे मान्य केली. बाहेर ढाल आणि आत निर्भीड चिकित्सा, या दोन गोष्टी एकाच माणसाने सांभाळणे विरळाच.

त्याच वर्षअखेरीस ब्रह्मप्रकाशांच्या जागी गोवारीकर केंद्राचे संचालक झाले. एकेकाळी कलामांच्या बरोबरीने एक टप्पा आखणारा हा मराठी शास्त्रज्ञ आता त्यांचा वरिष्ठ होता. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला. त्या दिवशी पत्रकारांपुढे जाण्यास धवन यांनी कलामांना सांगितले आणि स्वतः मागे राहिले.