प्रथम वर्ग आणि पायांची जागा

करंजीहून वणीकडे जाणाऱ्या सडकेवर, कापूस आणि तूर पिकविणाऱ्या काळ्या मातीच्या मुलखात वसलेल्या मारेगावच्या परिसरात प्रवासातील ‘वर्गा’ची कल्पना रुजविली ती विमानाने नव्हे, रेल्वेने. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या अंमलाखाली दिला, १८६७ साली जी. आय. पी. रेल्वे नागपुरास पोहोचली आणि त्यापुढच्या दशकात कोळशाच्या खाणीसाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्गाचा फाटा निघाला. तेव्हा ज्या जिल्ह्याचे नाव १९०५ पर्यंत सरकारदप्तरी वणीवरून चाले, त्या जिल्ह्यातील सावकार आणि वकील वर्धा नदी ओलांडून आगगाडीत बसू लागले. तोवरचा प्रवास बंडीचा किंवा दमणीचा होता. कडबा अंथरून त्यावर सतरंजी घातली की ज्याला हवे त्याने मांडी घालावी, ज्याला हवे त्याने आडवे व्हावे; चाकांचे हादरे हाडांत शिरत, परंतु पाय कोठे ठेवावेत ही विवंचना कोणाला नसे. ती विवंचना बाकाबरोबर आली. रेल्वेच्या प्रथम वर्गात गादीच्या लांब बाकावर रात्री अंग टाकता येई, तर तिसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर गुडघ्याला गुडघा घासत रात्र काढावी लागे. या तिसऱ्या वर्गाच्या हालांवर गांधीजींनी १९१७ साली स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. १९५५ साली रेल्वेचा जुना प्रथम वर्ग रद्द होऊन दुसऱ्यालाच पहिल्याचे नाव मिळाले, यावरून वर्गाचे नाव आणि त्यात मिळणारी जागा यांचा संबंध किती तकलादू असतो, हे ध्यानात यावे. विमानातील प्रथम वर्गाचा इतिहास हीच गोष्ट अधिक स्पष्टपणे सांगतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन जुहूस उतरले, तेव्हा त्यांच्या इवल्याशा पुस मॉथ विमानात आसन निवडण्याचा प्रश्नच नव्हता; टपाल हाच मुख्य उतारू होता. त्याच दशकात इंपीरियल एअरवेजच्या ज्या उडत्या नौका हिंदुस्थानातील तलावांवर उतरत पूर्वेकडे जात, त्यांत मात्र प्रवाशाला उठून उभे राहण्यासाठी आणि खिडकीशी येरझारा घालण्यासाठी स्वतंत्र सज्जा राखलेला असे. त्या काळी विमानात वर्ग नव्हते, कारण विमानाने जाणारा प्रत्येकजण धनिक किंवा अधिकारीच असे. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलची ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवासी घेऊन कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाली, तीदेखील याच एकवर्गीय युगात.

मारेगावच्या आसमंताला विमान जवळचे झाले ते नागपूरच्या सोनेगाव विमानतळामुळे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली आणि मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास या चार दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावास एकत्र येऊन, थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल करून, उजाडण्याच्या सुमारास आपापल्या ठिकाणी परतू लागली. देशाच्या मध्यभागी असण्याचा एवढा प्रत्यक्ष लाभ विदर्भाला क्वचितच झाला असेल. ती विमाने डाकोटा जातीची. जमिनीवर उभे असता डाकोटाचे शेपूट खाली टेकलेले असे, म्हणून मागच्या दाराने आत शिरलेल्या प्रवाशाला दोन रांगांमधून चढण चढत पुढे जावे लागे. आणि पुढच्या आसनांवर पंख्यांचा घोष असा आदळत असे की अनुभवी माणूस मागेच राहणे पसंत करी. आसनाची निवड पायांपेक्षा कानांसाठी होण्याचा तो काळ होता. पंख्यांच्या मोठ्या विमानांतही पुढे जेव्हा दोन वर्ग आले, तेव्हा प्रथम वर्ग पुष्कळदा शेपटाकडे ठेवीत, कारण गोंगाट आणि कंप पुढे जास्त; जेट विमानांत तो गोंगाट मागे गेला आणि त्याबरोबर प्रथम वर्ग नाकाकडे सरकला.

वर्गांची फाळणी झाली ती १९५२ साली. त्या वर्षीच्या मे महिन्यात विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ठरावानुसार अटलांटिकवर स्वस्त ‘टूरिस्ट’ वर्ग सुरू झाला आणि १९५८ च्या एप्रिलमध्ये त्याहूनही स्वस्त ‘इकॉनॉमी’ वर्ग आला. एकाच नळीत अधिक माणसे बसवायची तर कोणाच्या तरी गुडघ्यापुढची जागा कमी करणे प्राप्त होते. म्हणून आजवर सर्वांना मिळत असलेली ऐसपैस जागा यापुढे ‘प्रथम वर्ग’ या नावाने निराळी विकली जाऊ लागली. नवा प्रथम वर्ग म्हणजे बऱ्याच अंशी जुनी सार्वत्रिक बैठक होय, हे मला या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे सत्य वाटते, आणि ते विसरले जाते याचा खेदही वाटतो.

ही वाटणी प्रत्यक्षात कशी होते, हे विमानाच्या जमिनीकडे पाहिले की कळते. गालिच्याखाली धातूचे पट्टे असतात आणि त्यांवर एकेक इंचाच्या अंतराने खाचा असतात. आसनाचे पाय त्या खाचांत अडकवून पक्के करतात. एका आसनावरील बिंदूपासून पुढच्या आसनावरील त्याच बिंदूपर्यंतचे अंतर, ज्याला या व्यवसायात ‘पिच’ म्हणतात, ते इंचांत मोजण्याचा शिरस्ता याला साजेसाच आहे. खिडक्या मात्र विमानाच्या सांगाड्याबरोबर ठरलेल्या, म्हणून आसने सरकविली की कोणाच्या वाट्याला खिडकी येते, कोणाच्या वाट्याला दोन खिडक्यांमधली भिंत. पिचमधून पाठीची जाडी वजा केल्यावर जे उरते, तीच गुडघ्यांची खरी मिळकत.

म्हणून प्रथम वर्गातही सर्व आसने सारखी नसतात. पहिल्या रांगेपुढे कोणी नसते, हे आकर्षण मोठे; परंतु समोर भिंत असल्यामुळे उंच माणसाचे अंगठे तिला टेकतात, तर दुसऱ्या रांगेत पुढच्या आसनाखाली पावले सरकविता येतात. शेवटच्या रांगेची पाठ मागच्या आडभिंतीला अडून पुरती कलत नाही. १९७१ साली एअर इंडियाने ‘सम्राट अशोक’ हे पहिले जंबो विमान आणले; त्याच्या नाकातील प्रथम वर्गात चालकाची खोली वरच्या मजल्यावर असल्याने अपूर्व शांतता मिळे, पण दोन्ही बाजूंच्या भिंती पुढे निमुळत्या होत जात, आणि अगदी पुढे बसणाऱ्याला आसनाबाहेरची जागा तितकी कमी पडे. गोल जिन्याने वर जाऊन पाय मोकळे करण्याची सोय होती, ती निराळी.

पायांच्या जागेची चौकशी करणे हा चोचला आहे असे समजणाऱ्यांशी माझे मुळीच पटत नाही. तासन्‌तास गुडघे मोडून बसल्यास पोटऱ्यांच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका वैद्यकाने मान्य केलेला आहे, आणि आपल्याकडील वृद्ध माणूस, ज्याचा जन्म घोंगडीवर मांडी घालून बसण्यात गेला, त्याला पाय लोंबकळत ठेवण्याचा त्रास अधिकच होतो. परदेशी असलेल्या मुलाकडे निघालेली आजी चपला काढून आसनावरच पाय वर घेऊन बसते, तेव्हा तिने पिचचा प्रश्न आपल्या परीने सोडविलेला असतो. त्यासाठी तिला समोरच्या नव्हे, बाजूच्या रुंदीची गरज असते, आणि मधले हात पक्के बसविलेले आसन तिच्या उपयोगाचे नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यास पूर्ण सपाट होणारे पलंग प्रथम वर्गात आले आणि पिचचा हिशेब बराचसा निरुपयोगी झाला. अशा पुष्कळ आसनांत आता पावले पुढच्या प्रवाशाच्या बाजूस असलेल्या खोबणीत जातात. तेव्हा पलंग किती लांब आहे, यापेक्षा ती खोबण किती रुंद आहे, हे विचारावे लागते. पुढे आसन नसलेल्या रांगेत ही खोबण सहसा अधिक मोकळी असते. तिकीट काढण्यापूर्वी विमानाची जात आणि आसनांचा नकाशा मागून घ्यावा, कारण एकाच कंपनीच्या एकाच मार्गावरील दोन विमानांतही ही मापे निराळी निघतात.