शिक्षणनिधी आणि कायदा : एक ऐतिहासिक आलोचन

ज्ञातीतील मुलांच्या विद्याभ्यासासाठी निधी जमविणे ही आपल्याकडील जुनी रीत होय. कोणाच्या ओसरीवर वर्ग भरावा, चार कुटुंबांनी मिळून शिक्षक ठेवावा, पुस्तकांसाठी वर्गणी काढावी आणि ती एका विश्वासू गृहस्थाच्या हाती सोपवावी, असा हा क्रम असे. त्या गृहस्थांच्या सचोटीविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. परंतु ते दिवंगत झाल्यावर त्यांच्या नावे असलेली रक्कम त्यांची की मुलांची, हे वारसांस कोणी व कशाच्या आधारे पटवून द्यावे? या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या इतिहासात सापडते.

१८६० साली दोन गोष्टी एकदमच घडल्या. जेम्स विल्सन यांच्या योजनेने हिंदुस्थानात प्राप्तीवरील कर प्रथम आला; आणि त्याच वर्षीच्या एकविसाव्या कायद्याने सात अथवा अधिक व्यक्तींना विद्याविषयक वा धर्मादाय हेतूसाठी संस्था नोंदविता येऊ लागली. उद्देशपत्रिका, नियमावली आणि कार्यकारी मंडळाची दरवर्षीची यादी एवढ्या साधनांनी पैसा व्यक्तीचा न राहता संस्थेचा ठरू लागला. पुढे १८८६ च्या आयकर कायद्याने धर्मादाय उत्पन्नास करातून सूट दिली.

नोंदणी झाली तरी हिशेब पाहणार कोण, हा प्रश्न उरला. मुंबई राज्याच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने त्याचे उत्तर दिले. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थाही त्याच्या कक्षेत आल्या. हिशेब ठेवणे, त्यांची तपासणी करविणे, विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत कळविणे आणि धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वसंमतीवाचून स्थावर मिळकत न विकणे, ही बंधने तेव्हापासून आहेत. आज हाच कायदा महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो.

आमच्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी विशेष ध्यानी घ्यावी अशी गोष्ट मात्र १९६१ च्या आयकर कायद्यात आली. १ एप्रिल १९६२ रोजी तो अमलात आल्यानंतर स्थापन झालेली धर्मादाय संस्था एकाच धर्मसमूहाच्या अथवा जातीच्या हितासाठी असेल, तर तिला करमाफी नाही, असे त्याच्या १३ व्या कलमाने ठरविले. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठी असलेल्या संस्था त्यातून वगळल्या. १९७३ पासून सवलतीसाठी आयकर खात्याकडे स्वतंत्र नोंदणी आवश्यक झाली, आणि २०२१ पासून त्या नोंदणीलाही मुदत आली. संसदेने २०२५ साली नवा आयकर कायदा संमत करून त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ हा दिवस नेमला; म्हणून जुनी कलमे मुखोद्गत असणाऱ्यांनीही नवा पाठ वाचणे अगत्याचे आहे.

जातीविषयीचा हा निर्बंध कित्येकांस जाचक वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. ज्यास सर्व जनतेच्या तिजोरीतून सवलत हवी, त्याने आपले दारही जनतेस उघडावे, ही अपेक्षा न्याय्यच आहे. कोल्हापुरात १९०१ पासून शाहू महाराजांच्या आश्रयाने ज्ञातिवार वसतिगृहे उभी राहिली, ती विद्येची दारे बंद असलेल्यांसाठी. दुसऱ्यांवर ती बंद करण्यासाठी नव्हे.

आज काही पालक आपल्या मुलांस घरीच शिकवितात, आणि अशी दहा-बारा घरे मिळून शिक्षक, साहित्य व सहली यांचा खर्च वाटून घेतात. त्यांच्यापुढेही तोच जुना प्रश्न आहे. पैसा एकाच्या खात्यात जमा झाला, तर प्राप्तिकराचे खुलासे त्यानेच द्यावे लागतात. आणि मतभेद झाल्यास स्नेहही जातो. यास्तव आमची विनंती एवढीच : पहिली वर्गणी घेण्यापूर्वी उद्देश लिहून काढावा, खाते दोघांच्या सहीने चालवावे, पावतीवाचून एक रुपयाही घेऊ नये, आणि वर्षाचा जमाखर्च सर्वांपुढे वाचावा. हे करणे म्हणजे कोणावर अविश्वास दाखविणे नव्हे. आपल्या पश्चातही मुलांचे धन मुलांचेच राहावे, याची ती तरतूद आहे.