गड की माळ?

डिसेंबर उजाडला की घाटकोपर आणि मुलुंडच्या फलाटांवर कसारा लोकलची वाट पाहणारे तरुण दिसू लागतात. अंधेरी-बोरिवलीचे सोबती दादरला गाडी बदलून त्यांना येऊन मिळतात. कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगड हे बेत बहुधा आधीच ठरलेले असतात. एखाद्याने, चढ झेपत नाही म्हणून, सोलापूरकडच्या माळरानाचे नाव काढले तर लगेच विचारले जाते, ‘पण तिथे आहे काय?’ हा प्रश्न वरवर सहलीचा वाटतो. त्यामागे मात्र मोठा इतिहास आहे.

मराठी मनाला डोंगर दिसतो तो शिवकाळाच्या स्मृतीतून. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’ने गड चढणे ही एक सांस्कृतिक उपासना आहे, असा संस्कार अनेक पिढ्यांवर केला. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर पोहोचलेला विद्यार्थी शिखराबरोबर एका परंपरेलाही स्पर्श करीत असतो. त्या अनुभवाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

माळाच्या वाट्याला अशी परंपरा आली नाही. ज्या जमिनीतून शेतसारा वा इमारती लाकूड मिळत नाही ती पडीक, अशी दृष्टी इंग्रजी राजवटीत रुजली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली. शासनाने २००० साली काढलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी जमिनीचा स्वतंत्र वर्ग आहे. पूर्वी इथे घनदाट अरण्य होते, माणसाने ते तोडले आणि माळ उरला, ही समजूत आपणही फारशी न तपासता स्वीकारली. वास्तविक सह्याद्री पावसाळी ढग अडवतो, म्हणून त्याच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश तयार होतो. गवत आणि विरळ काटेरी झाडे हे त्या प्रदेशाचे स्वाभाविक रूप आहे. भूगोलाची पुस्तके अशा प्रदेशाला ‘सॅव्हाना’ म्हणतात. आपल्याकडे त्याला माळरान हा शब्द फार पूर्वीपासून आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी इथे विशेष लक्ष द्यावे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जुन्या मराठी वाङ्मयाला आणि मौखिक परंपरेला साक्षीला बोलावले. त्यांत उल्लेखिलेल्या रानवनस्पतींपैकी निम्म्याहून अधिक वनस्पती उघड्या गवताळ प्रदेशातल्या निघाल्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातील माळ किमान साडेसातशे वर्षे माळच आहे. पंढरपूरला संत कान्होपात्रेच्या स्मृतीशी निगडित असलेला तरटीचा वृक्ष आपण भक्तिकथेचा भाग म्हणून वाचत आलो. तरटी हे कोरड्या, उघड्या रानातले झाड आहे, हे ध्यानात घेतले की त्याच कथेतून भोवतालच्या भूमीचा इतिहासही वाचता येतो. गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या ओव्या मोठ्या चिकाटीने संकलित केल्या. त्यांकडेही याच दृष्टीने पाहायला हवे.

आधुनिक साहित्यात हा माळ सर्वांत ठसठशीतपणे आला तो व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५). तिथला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो आणि शेवटी दुष्काळाने वाडी रिकामी होताना पाहतो. ही कादंबरी आपण ग्रामीण साहित्य म्हणून शिकवतो, पण तिच्यातील मेंढरे, पाऊस आणि गवत यांचे नाते क्वचितच उलगडून दाखवतो. ते नाते कळण्यासाठी एकदा तरी माळावर उभे राहावे लागते.

तेव्हा निवड कशी करावी? पाय भक्कम असतील आणि इतिहासाची ओढ असेल, तर गड जरूर चढावा. गटात गुडघे दुखणारे ज्येष्ठ अध्यापक किंवा लहान मुले असतील, तर कल्याणहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून सोलापूर गाठावे आणि पहाटे जवळच्या नान्नज अभयारण्यात जावे. तिथे चढ नाही. काळवीट दिसण्याची शक्यता बरीच असते. ज्या माळढोकासाठी १९७९ साली हे अभयारण्य झाले, तो पक्षी मात्र तिथून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

या निवडीत पणाला लागलेली गोष्ट हीच आहे. ‘तिथे काहीच नाही’ असे आपण म्हणत राहिलो, की माळावर सद्भावनेने झाडे लावणेही पुण्यकर्म ठरते आणि गवतावर जगणारे जीव मुकाट्याने हद्दपार होतात. चढ सोसत नाही म्हणून माळाकडे वळण्यात कमीपणा नाही. तिथे पाहण्यासारखे काही नाही असे समजून त्याला वगळणे, हे मात्र आपल्याच वाङ्मयाचे अपुरे वाचन ठरेल.