घरगुती संगणकावरील स्नॅपशॉट आणि बॅकअपचे अपयश : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
इतिहासलेखनात साधनांच्या जतनाला पहिले स्थान आहे. कागदी दप्तराला वाळवी लागली तर ती निदान डोळ्यांना दिसते. अध्यापक व संशोधक यांचे दप्तर मात्र आता घरच्या संगणकात गेले आहे. प्रबंधाची प्रकरणे, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, मोडी कागदांची छायाचित्रे हे सर्व एकाच हार्ड डिस्कवर असते आणि त्याचा बॅकअप आपोआप होत आहे, असा विश्वास असतो. डिस्क बिघडते त्या दिवशी अनेकदा असे लक्षात येते की, बॅकअप कित्येक महिन्यांपूर्वीच थांबला होता. या बॅकअपचा आधार असलेल्या ‘स्नॅपशॉट’ तंत्राच्या इतिहासातून त्याच्या अपयशाची कारणे शोधणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

संकल्पना व उगम :
स्नॅपशॉट म्हणजे फाईल सिस्टीमचे एका विशिष्ट क्षणीचे गोठवलेले रूप होय. या तंत्राचा एक महत्त्वाचा प्रारंभिक आविष्कार बेल लॅब्जच्या ‘प्लॅन ९’ या प्रणालीत आढळतो. तेथे दररोज पहाटे संपूर्ण फाईल सिस्टीमची नोंद, एकदा लिहिल्यावर पुसता न येणाऱ्या ऑप्टिकल तबकड्यांवर होत असे. पुढे डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ व मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये नेटअ‍ॅप कंपनीच्या ‘वॅफल’ या फाईल सिस्टीमचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्यात बदललेला मजकूर जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिला जाई; त्यामुळे जुनी स्थिती जवळजवळ विनाखर्च टिकून राही. सन मायक्रोसिस्टिम्सच्या ‘झेडएफएस’ने २००५ मध्ये यात भर घातली. साठवलेल्या मजकुराची शुद्धता पडताळणे आणि स्नॅपशॉट दुसऱ्या यंत्रावर पाठवणे या दोन्ही सोयी तिच्यात होत्या. या तिन्ही प्रणाली मुख्यतः संस्थांमध्ये वापरल्या गेल्या. डिस्कवर किती जागा उरली, कोणते काम अडले, याकडे लक्ष देणारा प्रशिक्षित व्यवस्थापक तेथे गृहीत धरलेला होता.

घरात प्रवेश :
मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ ही सेवा आणली. एक्सपीमधील स्नॅपशॉट तात्पुरता असे. बॅकअपचे काम संपले की तो नाहीसा होई. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या व्हिस्टामध्ये फाईलची जुनी आवृत्ती परत मिळवण्याची सोय झाली. परंतु ती व्यावसायिक व अल्टिमेट आवृत्त्यांपुरतीच होती. होम आवृत्तीत जुन्या प्रती तयार होत असत, पण त्या पाहण्याचा मार्ग वापरकर्त्याला दिलेला नव्हता. अ‍ॅपलने २६ ऑक्टोबर २००७ रोजी ‘टाइम मशीन’ आणले. त्यात वेगळी डिस्क जोडणे अपेक्षित होते. पुढे २०१७ मध्ये एपीएफएस या फाईल सिस्टीममुळे मॅकवरही खरे स्नॅपशॉट आले. अशा रीतीने तंत्र घरात आले, पण त्याच्यामागचा व्यवस्थापक आला नाही.

अपयशाची कारणे :
पहिले कारण जागेचे. विंडोजमध्ये जुना मजकूर राखून ठेवण्यासाठी डिस्कचा ठरावीक भाग दिलेला असतो. तो भरला की सर्वांत जुनी प्रत पुसली जाते. आणि लेखनाच्या वेगाने तो वाढू शकला नाही, तर सर्वच प्रती नष्ट होऊ शकतात. दुसरे कारण वेळेचे. स्नॅपशॉट घेताना प्रत्येक प्रोग्रॅमच्या ‘रायटर’ने आपले लेखन थांबवायचे असते. त्यासाठी ६० सेकंदांची, तर डिस्कवरील प्रत्यक्ष लेखन रोखण्यासाठी १० सेकंदांची मर्यादा आहे. डिस्क मंद किंवा सदोष असली, अथवा दोन बॅकअप प्रोग्रॅम एकाच वेळी चालू असले, तर ही प्रक्रिया फसते. तिसरे कारण स्थानाचे. स्नॅपशॉट मूळ फाईलच्याच डिस्कवर असेल, तर डिस्क गेली की दोन्ही जातात. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने फाईली कुलूपबंद करताना शॅडो कॉपीही पुसल्या होत्या.

निदान व उपाय :
वरील कारणांवरून तपासणीचा क्रम ठरतो. विंडोजमध्ये ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन’ या आज्ञेने कोणता रायटर अडला आहे आणि राखीव जागेची मर्यादा किती आहे, हे कळते. इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंद अपयशाची वेळ सांगते. अडलेला रायटर बहुधा संबंधित सेवा किंवा संगणक पुन्हा सुरू केल्यावर पूर्ववत होतो. तो वारंवार अडत असेल, तर डिस्क तपासणे आवश्यक ठरते. मॅकवर ‘टीएमयूटिल’ या आज्ञेने स्थानिक स्नॅपशॉटची यादी मिळते. फाईली पुसूनही जागा मोकळी का होत नाही, याचा उलगडा पुष्कळदा त्या यादीत होतो.

तथापि केवळ व्यवस्थापक असणे पुरेसे नाही, हे गिटलॅब कंपनीच्या अनुभवावरून दिसते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथे मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. नेहमीचा बॅकअप आधीपासूनच अयशस्वी होत होता. त्याची सूचना देणारे ई-मेलही पोहोचत नव्हते. अखेर दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट उपयोगी पडला. तंत्र तेथेही होते. उणीव होती ती पडताळणीची.

निष्कर्ष :
१) स्नॅपशॉट हा बॅकअपचा आरंभ आहे, तो वेगळ्या डिस्कवर उतरल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणता येत नाही.
२) घरगुती संगणकावरील अपयशाचे मूळ बऱ्याच अंशी, व्यवस्थापक गृहीत धरून घडलेले तंत्र व्यवस्थापकाविना वापरण्यात आहे.
३) ही उणीव भरून काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ठरावीक काळाने एखादी फाईल बॅकअपमधून प्रत्यक्ष परत आणून उघडून पाहणे होय.

दप्तरखान्यातील कारकून रुमाल सोडून कागद पाहत असे, म्हणून वाळवी वेळीच सापडे. घरच्या संगणकात ते काम करणारा कारकून नाही. ते ज्याचे दप्तर त्यालाच करावे लागते.